डिस्ने वर्ल्डची सहल: कुठलं टेबल आधी बुक करायचं आणि कुठलं सोडून द्यायचं

मे-जूनमध्ये आई-बाबा भारतातून येतात, मुलांच्या शाळा सुटतात आणि अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत ऑर्लँडोची सहल ठरते. विमानाची तिकिटं होतात, हॉटेल होतं, पार्कची तिकिटं होतात आणि मग ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "डायनिंग बुक केलंत का?" तिथून घोळ सुरू होतो. एकजण सांगतो, दोन महिने आधी सगळी जेवणं बुक केली नाहीत तर हाल होतील. दुसरा म्हणतो, काही गरज नाही, तिथे पावलोपावली खायला मिळतं. दोघांचंही त्यांच्यापुरतं बरोबर असतं. एक दोन लहान मुलींना सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायला घेऊन गेलेला असतो, दुसरा कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलेला असतो.

तुमच्याबरोबर तीन पिढ्या असतील तर माझं सांगणं वेगळं आहे. बुकिंग खाण्यासाठी करू नका, बसण्यासाठी करा. खायला तिथे बुकिंगशिवाय मिळतंच. मिळत नाही ती जुलैच्या दुपारी दोन वाजता, सत्तरीतल्या माणसाला तासभर पाय सोडून बसता येईल अशी थंड जागा. ती दोन महिने आधी धरून ठेवता येते आणि ती धरावी. बाकीच्यातलं फार थोडं बुक करावं लागतं.

आधी तिथली व्यवस्था

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे. मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलीवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) असे चार पार्क, त्यांच्या आसपास वीसहून जास्त हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा दुकानं-रेस्टॉरंटांचा मोठा परिसर. एका पार्कातून दुसऱ्या पार्कातल्या किंवा हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जायला बस, मोनोरेल, बोट किंवा केबलकार लागते. वाट बघणं धरून पाऊण ते एक तास सहज जातो. बुकिंगचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा इथेच.

खाण्याच्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या. काउंटरवरून ताट उचलून आपलं आपण बसायचं ते क्विक सर्व्हिस. तिथे टेबल बुक होत नाही; डिस्नेच्या फोन-ॲपवरून ऑर्डर देऊन ठेवता येते. वेटर येतो, बिल येतं, टिप द्यावी लागते ते टेबल सर्व्हिस, आणि बुकिंगचा प्रश्न फक्त याच्यापुरता आहे. त्यातच मिकी, डोनल्ड किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात ती कॅरॅक्टर जेवणं येतात. सगळ्यात जास्त ओढाताण त्यांच्यासाठी होते.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना आणखी एक सवलत आहे: हॉटेलात उतरण्याच्या तारखेच्या ६० दिवस आधी ते एकाच बैठकीत मुक्कामातले पहिले १० दिवसांपर्यंतचे सगळे दिवस बुक करू शकतात. बाहेर राहणाऱ्याला मात्र एकेका दिवसाचं बुकिंग त्या-त्या दिवसाच्या ६० दिवस आधीच करावं लागतं.

पहिली पायरी: प्रत्येक जेवणाला एकच प्रश्न विचारा

कागद घ्या, सहलीचे दिवस लिहा. प्रत्येक दिवसाच्या न्याहरी, दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांपुढे लिहा, हे जेवण कशासाठी आहे? उत्तरं तीनच येतील. भूक भागवायला, बसायला, किंवा सोहळा म्हणून.

भुकेचं जेवण बुक करायचं नाही. त्याला क्विक सर्व्हिस आणि पिशवीतला खाऊ पुरतो.

बसण्याचं जेवण पार्कच्या दिवशी एकच ठेवा, दुपारचं. त्यासाठी नावाजलेलं, भांडून मिळवावं लागणारं रेस्टॉरंट लागत नाही. त्याच पार्कातलं, एसी असलेलं, तुमच्या माणसांना खाता येईल असं कुठलंही टेबल सर्व्हिस चालेल. ही टेबलं तितकी पटकन जात नाहीत, त्यामुळे जिवाला घोरही लागत नाही.

सोहळ्याचं जेवण सबंध सहलीत एक, फार तर दोन. नातीला राजकन्या भेटवायच्या असतात, कुणाची साठीशांत तिथे साजरी करायची असते, कुणाला रात्रीची आतषबाजी उंचावरून बघायची असते. हे आधी बुक केल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नका.

बहुतेक घरांचा असा कागद भरून झाला की बुक करायची टेबलं चार-पाचच उरतात. पाच दिवसांच्या पंधरा जेवणांपैकी बाकी दहा-अकरा मोकळी. मोकळी असणं फार महत्त्वाचं आहे, कारण पार्कात दिवस ठरवल्यासारखा जात नाही. राइड मध्येच बंद पडते, लहानगा बाबागाडीत झोपतो, आजोबांना एखादा बाक आवडतो. सव्वापाचचं टेबल पार्काच्या दुसऱ्या टोकाला असेल तर या सगळ्यांना उठवून पळवावं लागतं.

दुसरी पायरी: कुठली टेबलं खरंच हातची जातात

मॅजिक किंगडममध्ये किल्ल्याच्या आतलं सिंड्रेलाज रॉयल टेबल आणि ब्यूटी अँड द बीस्टच्या महालासारखं सजवलेलं बी अवर गेस्ट. दोन्हीकडे ठरावीक किमतीचं जेवण असतं, म्हणजे थोडं खाल्लंत तरी पूर्ण पैसे. कॉन्टेम्पररी हॉटेलमधलं शेफ मिकीज, रिव्हिएरा हॉटेलच्या माथ्यावरच्या टोपोलिनोज टेरेसची न्याहरी, वाइल्डरनेस लॉजमधलं स्नोव्हाइटचं रात्रीचं जेवण, एपकॉटमधलं स्पेस २२० आणि हॉलीवूड स्टुडिओजमधलं ओगाज कँटिना, हीसुद्धा याच यादीत.

स्पेस २२० सप्टेंबर २०२१मध्ये उघडलं. लिफ्टमधून आपण पृथ्वीपासून २२० मैल वर चाललोय असा देखावा करतात आणि वर गेल्यावर खिडक्यांतून पृथ्वी दिसते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना फार आवडतं. जेवण महाग आहे आणि त्या किमतीत देखावाच मुख्य आहे हे धरून जा. ओगाज कँटिना हा स्टार वॉर्समधला बार. तिथे मुख्यतः पेयं मिळतात, बऱ्याच टेबलांपाशी उभंच राहावं लागतं आणि बसायची वेळ ठरलेली असते. आजी-आजोबांना घेऊन जायची ती जागा नाही. मुलगा स्टार वॉर्सचा भक्त असेल तर बापलेकांनी जाऊन यावं, बाकीच्यांनी तोवर सावलीत आइस्क्रीम खावं.

पॉलिनेशियन हॉटेलमधल्या ओहानाचं रात्रीचं जेवणही लवकर भरतं. पण ते मांसाहारावर उभं आहे. शाकाहाऱ्याला मागितल्यावर वेगळं ताट करून देतात आणि पैसे मात्र सगळ्यांइतकेच पडतात. घरातले निम्मे लोक शाकाहारी असतील तर मी हे कधीच सुचवणार नाही, कुणी कितीही स्तुती केली तरी.

फोर्ट वाइल्डरनेसमधला हूप-डी-डू हा जेवणासकट करमणुकीचा कार्यक्रम १९७४पासून चालू आहे. त्याचे पैसे आधीच भरावे लागतात, त्यामुळे तारीख पक्की असेल तरच घ्या.

उरलेल्यांबद्दल निवांत राहा. एपकॉटच्या वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, फेरी सुमारे २ किलोमीटरची, आणि रेस्टॉरंटं इतकी आहेत की एक भरलं तर दुसरं मिळतं. भारताचं दालन नाही. मात्र इटलीतल्या व्हिया नापोलीत लाकडावर भाजलेला पिझ्झा मिळतो. एटना, व्हेसुव्हिओ आणि स्ट्रॉम्बोली अशी ज्वालामुखींची नावं दिलेल्या तीन भट्ट्या तिथे आहेत, मुलांना त्या बघायला आवडतात. मोठा मार्गेरिटा मागवला तर चार माणसांचं आरामात होतं. शाकाहारी घराने एपकॉटच्या दिवसाचं 'बसण्याचं' जेवण डोळे मिटून इथे बुक करावं.

तिसरी पायरी: आधी पार्क, मग वेळ, मग रेस्टॉरंट

पुष्कळ लोक उलटं करतात. आवडलेलं रेस्टॉरंट मिळालं म्हणून त्या दिवशीचा पार्क बदलतात आणि सगळा आराखडाच हलतो. कुठल्या दिवशी कुठला पार्क हे ठरल्याशिवाय बुकिंगला हात लावू नका. पार्काच्या आतल्या रेस्टॉरंटला त्या दिवशीचं पार्कचं तिकीट लागतं. हॉटेलमधल्या आणि डिस्ने स्प्रिंग्जमधल्या रेस्टॉरंटांना लागत नाही, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. कॅरॅक्टर न्याहरी हॉटेलमध्ये घ्या आणि ती पार्कच्या दिवशी न घेता विश्रांतीच्या दिवशी ठेवा.

कारण असं की पार्क उघडल्यावरच्या पहिल्या दोन तासांत राइडच्या रांगा सर्वांत लहान असतात. नऊ वाजता मॅजिक किंगडमच्या आत न्याहरीला बसलात, तर दिवसातले सगळ्यात मोलाचे तास पॅनकेक खाण्यात जातात. पार्कातच न्याहरी करायची असेल तर शेवटच्या वेळा घ्या, साडेदहाच्या आसपासच्या. तेव्हा पोटभर खाल्लं की दुपारच्या जेवणाचीही गरज उरत नाही आणि एका जेवणाचे पैसे वाचतात.

दुपारसाठी बाराची वेळ टाळा. उन्हाळ्यात दोन ते तीनच्या मधली घ्या. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस जवळपास रोजचाच. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि सगळी गर्दी छपराखाली शिरते. क्विक सर्व्हिसमध्ये त्या वेळी उभं राहायलाही जागा नसते. अडीचचं टेबल असलं की तुम्ही आत सूप पीत बसलेले असता, आणि पाऊस उघडेपर्यंत आजींचे पाय आणि छोट्याची झोप दोन्ही झालेलं असतं.

रात्रीचं जेवण दूरच्या हॉटेलात ठेवलं असेल तर पार्कातून दीड तास आधी निघायचं असं धरा. एक सोपा अपवाद आहे: कॉन्टेम्पररी हॉटेल मॅजिक किंगडमच्या दारापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

सानाबद्दल थोडं सविस्तर

भारतीय घरांना मी एकच टेबल आग्रहाने बुक करायला सांगते, ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं साना. तिथल्या स्वयंपाकात आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ आहे. ब्रेड सर्व्हिस नावाचा प्रकार मागवा. नान, कुलचा, पनीर पराठा अशा रोट्या आणि त्यांच्याबरोबर वाट्या-वाट्यांतून नऊ तोंडीलावणी येतात: काकडीची कोशिंबीर म्हणावी असं रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची गोड चटणी, हमस, लसणाचं लोणचं, तिखट सांबाल आणि आणखी एक-दोन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्गर-पिझ्झ्याला कंटाळलेले वडील कोथिंबिरीच्या चटणीत नान बुडवून पहिला घास घेतात तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. आणि काचेच्या पलीकडे, गवतात, खरेखुरे जिराफ आणि झेब्रे चरत असतात.

पण इथे वेळ चुकली तर अर्धी गंमत जाते. अंधार पडला की खिडकीतून काही दिसत नाही. डिसेंबरात ऑर्लँडोला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वाआठनंतर. तेव्हा नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दुपारचं टेबल घ्यावं, उन्हाळ्यात जाणाऱ्यांना साडेपाच-सहाचंही चालेल. हे ॲनिमल किंगडमच्या दिवशी ठेवलं तर उत्तम, पार्कातून लॉजला थेट बस आहे.

त्याच लॉजच्या जम्बो हाउस भागात बोमा आहे, आफ्रिकी पदार्थांचा बुफे. मांसाहारी आणि शाकाहारी मिसळलेल्या कुटुंबाला तो चांगला. पळी एका भांड्यातून दुसऱ्यात जाण्याची काळजी असेल तर शेफला बोलावून वेगळं वाढून मागा, देतात.

चौथी पायरी: बुकिंगची पहाट

६० दिवस मोजताना अंदाज करू नका, कॅलेंडरवर मोजा. २४ डिसेंबरला हॉटेलात उतरणार असाल तर तुमचा दिवस २५ ऑक्टोबर. ऑनलाइन बुकिंग पूर्वेकडच्या वेळेप्रमाणे सकाळी ६ वाजता उघडतं, कधी काही मिनिटं आधीही. न्यू जर्सीवाल्यांना पहाटे उठावं लागतं. कॅलिफोर्नियात तेव्हा रात्रीचे ३ वाजलेले असतात. भारतात मात्र दुपारचे साडेतीन असतात, हिवाळ्यातल्या वेळेप्रमाणे साडेचार. आजी-आजोबा यायचे असतील आणि पुण्या-मुंबईत एखादा भाचा किंवा पुतण्या हुशार असेल तर त्याला शेजारी बसवून हे काम आनंदाने सोपवता येतं.

आदल्या रात्री ही तयारी करून ठेवा. माय डिस्ने एक्स्पिरिअन्स ॲपवर किंवा वेबसाइटवर अकाउंट, त्यात क्रेडिट कार्ड, बरोबर येणाऱ्या सगळ्यांची नावं, आणि कागदावर पसंतीच्या क्रमाने रेस्टॉरंट, तारीख, हवी ती वेळ आणि चालेल ती वेळ. माणसं मोजताना मांडीवरच्या बाळालाही मोजा.

सगळ्यात अवघड टेबल सगळ्यात आधी घ्या. डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर ते अवघड टेबल मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधा. त्या तारखा बाहेरच्या लोकांना अजून उघडलेल्याच नसतात, त्यामुळे स्पर्धा कमी असते. पहिल्या दिवसाचं टेबल मात्र तुमच्याआधी मुक्कामाला आलेल्यांनी कधीच नेलेलं असतं. बाहेर राहणाऱ्यांनी ही गोष्ट मनाशी स्वच्छ ठेवावी: सिंड्रेलाच्या किल्ल्यासाठी नशीब लागेल, पण 'बसण्याची' टेबलं तुम्हाला आठवडाभर आधीही बऱ्यापैकी मिळतील.

मिळालेली वेळ अगदी नको ती असली तरी आधी घेऊन टाका. नंतर तेच बुकिंग उघडून वेळ बदलता येते का ते बघत राहा.

नाहीच मिळालं तर

निराश होऊन वाट्टेल ते बुक करू नका. बुकिंगं सतत सुटत असतात. बहुतेक रेस्टॉरंटांत जेवणाच्या २ तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं, म्हणून लोकांचे बेत बदलले की आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी टेबलं मोकळी होतात. त्या वेळी ॲप उघडून बघायची सवय ठेवा.

सहा जणांचं मिळत नसेल तर चार आणि दोन असं शोधा. वेळ एकच किंवा पाच-दहा मिनिटांच्या फरकाची घ्या आणि दारावर सांगा की आम्ही एकाच घरचे आहोत, जवळ बसवता येईल का. खात्री नसते, पण बरेचदा जमवतात. लहान मुलांना मात्र मोठ्यांच्या दोन्ही टेबलांत वाटून घ्या, न जमलं तर पंचाईत नको.

पार्कात पोचल्यावर तिसरा मार्ग उघडतो. काही रेस्टॉरंटं ॲपवर वेटलिस्ट घेतात. तुम्ही तिथे प्रत्यक्ष जवळ असाल तरच ती दिसते. नाव टाकायचं, आसपास फिरायचं, मेसेज आला की जायचं. अकरा वाजता किंवा दुपारी साडेतीन-चारला हे चांगलं जमतं.

शाकाहार, उपास आणि जैन जेवण

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बुकिंगचा निर्णय खरा इथे होतो, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत नेमका हाच भाग दोन ओळींत आटपलेला असतो.

सगळ्या रेस्टॉरंटांचे मेनू किमतींसकट आधीच ऑनलाइन वाचता येतात. हिरव्या पानाची खूण असलेला पदार्थ म्हणजे मांस, दूध, अंडं आणि मध यांपैकी काहीही नसलेला. ती खूण दिसली की अंडं न खाणाऱ्यांनाही निश्चिंत खाता येतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर तिथल्या समजुतीप्रमाणे अंडं चालतं. शिवाय चार जागी लक्ष ठेवा: भात किंवा सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासळी असते, मार्शमेलोत जिलेटिन असतं, आणि फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकनही तळलेलं असू शकतं.

बुकिंग करताना आहाराबद्दल नोंद करायची सोय असते. ती करा, आणि तरीही टेबलावर बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा. "आय ॲम व्हेजिटेरियन" एवढ्यावर थांबू नका. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांसाचं पाणीही नको, असं एकेक सुटं करून सांगा. टेबल सर्व्हिसचा खरा फायदा हा आहे की शेफ बाहेर येऊन बोलतो आणि काहीतरी वेगळं करून द्यायची तयारी दाखवतो. क्विक सर्व्हिसच्या ॲपवर चीज किंवा सॉस काढून टाकण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. म्हणून जितका आहार कडक, तितकं टेबल सर्व्हिसचं बुकिंग जास्त कामाचं.

काउंटरवरच्या जागांत ॲनिमल किंगडमच्या पँडोरा भागातली सातुली कँटीन मला सगळ्यात भरवशाची वाटते. तळाला भात किंवा धान्य, वर भाज्या, टोफू आणि सॉस असा वाडगा मिळतो, आणि भात पोटात गेल्याचं समाधान मिळतं. डिस्ने वर्ल्डमध्ये ॲपवरून ऑर्डर द्यायची सोय २०१७मध्ये सुरू झाली ती इथूनच.

जैन आहारासाठी किंवा एकादशीसाठी रेस्टॉरंटवर अवलंबून राहू नका. कांदा-लसूण जवळपास सगळीकडे असतो. बरं म्हणजे, डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या-बरण्या आणि सुटा बर्फ चालत नाही, दारूही नाही. खाणं तिथे कुणी गरम करून देत नाही. मेथीचे ठेपले, खाकरे, गूळपोळी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी असं सगळं बिनदिक्कत न्या. बाळाच्या काचेच्या बाटलीबंद खाण्याला सूट आहे. काउंटरवर मागितलं की थंड पाण्याचा पेला फुकट मिळतो, त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांवर खर्च करू नका.

आणि वरण-भाताशिवाय चैन पडत नाही अशी माणसं बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेणं हा सगळ्या बुकिंगांहून मोठा निर्णय आहे. कुकरची एक शिट्टी झाली की रात्रीच्या जेवणाचा प्रश्नच मिटतो. दिवसा एक टेबल, रात्री घरची मऊ खिचडी, असं ज्यांनी केलं त्यांची आजी-आजोबांची सहल सगळ्यात सुखाची झालेली मी पाहिली आहे.

पैशांचं गणित

मेनूवरची किंमत शेवटची नसते. डिस्ने वर्ल्डचा बहुतेक भाग ज्या ऑरेंज काउंटीत येतो तिथे विक्रीकर साडेसहा टक्के आहे. सहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलात आपोआप धरतात. म्हणजे ३०० डॉलरचं खाल्लंत तर कर १९ डॉलर ५० सेंट, टिप ५४ डॉलर, एकूण ३७३ डॉलर ५० सेंट. टिप बिलात धरलेली असताना खालच्या रिकाम्या रेघेवर सवयीने पुन्हा टिप लिहू नका. आधी बिल नीट वाचा.

कॅरॅक्टर जेवणांत १० वर्षांपासून पुढे मोठ्यांचा दर लागतो, ३ ते ९ वर्षांना मुलांचा. तीन वर्षांखालच्यांना बुफेत आणि ठरावीक दराच्या जेवणात पैसे पडत नाहीत. ज्या घरात तीन वर्षं व्हायला महिनाभर बाकी आहे त्यांनी तारखा ठरवताना हे ध्यानात घ्यावं, पार्कचं तिकीटही त्या वयाखाली लागत नाही.

बुकिंग असून गेलाच नाहीत किंवा उशिरा रद्द केलंत तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कार्डावर लागतात. सहा जणांचे ६०. म्हणूनच 'असू दे हातात' म्हणून रोज दोन-दोन टेबलं धरून ठेवणं खिशालाही बरं नाही, आणि नातीसाठी तेच टेबल शोधत बसलेल्या दुसऱ्या घरावरही तो अन्याय आहे.

आधी पैसे भरून घ्यायचा डिस्नेचा डायनिंग प्लॅन २०२४पासून पुन्हा सुरू झाला आहे. शाकाहारी घरांना तो क्वचितच परवडतो असं माझं मत आहे. महागडे मांसाहारी पदार्थ घेणाऱ्याला त्यात फायदा. आपण पिझ्झा आणि भाताचा वाडगा घेणारे.

प्रत्यक्ष त्या दिवशी

भुकेच्या जेवणासाठी ॲपवरची ऑर्डर भूक लागायच्या बऱ्याच आधी देऊन ठेवा. साडेबाराला खायचं असेल तर अकरालाच ॲप उघडून वेळेचा कप्पा निवडा, कारण जेवणाच्या ऐन वेळेचे कप्पे भरून जातात. तिथे पोचल्यावर 'आलो आहे' हे बटण दाबल्यावरच स्वयंपाकघरात ऑर्डर लागते, नुसती दिली म्हणून तयार होत नाही. एकाने ते काम करावं, बाकीच्यांनी टेबल बघावं.

बुक केलेल्या टेबलासाठी दहा मिनिटं आधी पोचा. पोचल्याबरोबर टेबल मिळतंच असं नाही, पंधरा-वीस मिनिटं बाहेर थांबावं लागू शकतं, तेव्हा मधुमेह असलेल्यांच्या हाताशी बिस्किटं किंवा एखादं फळ असू द्या.

रोज सकाळी हॉटेलमधून निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, आज काय वाटतंय. आजोबांचे गुडघे दुखत असतील, मुलगी रात्रभर खोकली असेल, तर त्या दिवसाचं संध्याकाळचं टेबल तिथल्या तिथे रद्द करा. दोन तासांची मुदत पाळली की एक पैसाही लागत नाही. मोकळी झालेली वेळ पोहण्याच्या तलावापाशी घालवा. सोहळ्याचं टेबल मात्र त्यातही राखा. त्या दिवशी बाकी सगळं सोडावं लागलं तरी चालेल, दुपारी झोपून उठा आणि संध्याकाळी फक्त तेवढ्यासाठी जा.